जवळून बघायचा पडदा: आधी टेप घ्या, इंच नंतर ठरवा

नवा पडदा, म्हणजे संगणकाचा मॉनिटर किंवा टीव्ही, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती इंची घेऊ?" मला कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, "बसणार किती लांब?" बहुतेकांनी ते मोजलेलं नसतं, आणि तिथेच निवड चुकते.

तीन मीटरवरच्या टीव्हीला आणि हातभर अंतरावरच्या पडद्याला एकच माप लावता येत नाही. लांबून झाकून जाणारं सगळं जवळून उघडं पडतं. पिक्सेलची, म्हणजे चित्र ज्या ठिपक्यांचं बनतं त्यांची, जाळी दिसते, अक्षरांना लालनिळ्या कडा येतात, कोपऱ्यातून उजेड झिरपतो, मागच्या खिडकीचा कवडसा नेमका वाचायच्या ओळीवर बसतो. टीव्हीसमोर आपण दोन तास बसतो, टेबलावरच्या पडद्यासमोर आठ-आठ तास. म्हणून ही निवड सावकाश करावी असं मला मनापासून वाटतं. पहिल्यांदाच घेणाऱ्याने कोणत्या क्रमाने विचार करावा, ते इथे सांगतो.

पहिलं काम: अंतर मोजा

नेहमी बसता तसेच बसा, मुद्दाम ताठ होऊ नका. घरातल्या कुणाला तरी तुमच्या डोळ्यापासून पडद्याची काच जिथे येणार तिथपर्यंत टेप धरायला सांगा आणि आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा. टेबलाची खोली हे अंतर धरू नका. स्टँडमुळे काच टेबलाच्या मागच्या कडेपासून बरीच पुढे येते, त्यामुळे अरुंद टेबलावर पडदा वाटतो त्यापेक्षा जवळ येऊन बसतो. साध्या टेबलावर हे अंतर बहुधा ५५ ते ७५ सेंमी भरतं. पलंगाच्या पायथ्याशी टीव्ही ठेवून बघणार असाल तर दीड-दोन मीटर. यापुढचे सगळे हिशेब याच आकड्यावर आहेत.

पिक्सेलचा हिशेब, जरा सविस्तर

डोळ्याच्या डॉक्टरांकडे अक्षरांचा तक्ता असतो. हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञांनी तो १८६२ मध्ये तयार केला. त्यावर ज्याची नजर ६/६ भरते, त्याला साधारण एका अंशाचा साठावा भाग इतका बारीक तपशील सुटा दिसतो. हे किती बारीक? पौर्णिमेचा चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्याच्या रुंदीचे तीस भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे ही मर्यादा. पडद्यावरचा एक पिक्सेल यापेक्षा मोठा दिसला तर डोळ्याला ठिपके जाणवतात, लहान दिसला तर ते एकमेकांत मिसळून रेघ सलग वाटते.

यातून घरच्या घरी करता येईल असा हिशेब निघतो. आधी पडद्याच्या एका इंचात किती पिक्सेल बसतात ते काढा. याला पीपीआय म्हणतात. फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यासाठी २२०३ या आकड्याला पडद्याच्या इंचांनी भागा. २५६० × १४४० असेल तर २९३७ ला भागा आणि ४के, म्हणजे ३८४० × २१६० असेल तर ४४०६ ला. हे आकडे म्हणजे त्या त्या पडद्याच्या कर्णावर बसणारे पिक्सेल. आता ८७०० ला त्या पीपीआयने भागा. जे उत्तर येईल तितक्या सेंटिमीटरच्या पलीकडे बसलात तर ठिपके दिसत नाहीत.

काही उदाहरणं करून बघू. २४ इंची फुल एचडी म्हणजे सुमारे ९२ पीपीआय. त्याचं अंतर येतं ९५ सेंमी. म्हणजे ६० सेंमीवर बसणाऱ्याला त्यातले ठिपके दिसणारच. काम अडत नाही, वर्षानुवर्षं लोकांनी अशाच पडद्यांवर काम केलं आहे, पण अक्षरं खरखरीत दिसतात ती यामुळे. तीच फुल एचडी २७ इंचांवर ताणली की ८२ पीपीआय उरतात आणि अंतर १०६ सेंमीवर जातं. टेबलावर हे जोडपं मी कुणालाही सुचवत नाही. ३२ इंची टीव्हीवर फुल एचडी असेल तर अंतर सव्वा मीटर. पलंगावरून बघायला तो ठीक, टेबलावर अजिबात नाही. आणि ३२ इंचांत नुसतं "एचडी रेडी" लिहिलेले, १३६६ × ७६८ पिक्सेलचे टीव्हीही असतात. त्यांना पावणेदोन मीटरहून जास्त अंतर लागतं.

२७ इंची १४४०पी, म्हणजे २५६० × १४४० ला १०९ पीपीआय आणि ८० सेंमी. ३२ इंची ४के ला १३८ पीपीआय आणि ६३ सेंमी. २७ इंची ४के ला १६३ पीपीआय आणि जेमतेम ५३ सेंमी. हातभर अंतरावर बसणाऱ्याला शेवटच्या दोन पडद्यांवर अक्षरं छापल्यासारखी वाटतात. कारण या हिशेबातच आहे.

हा हिशेब काटेकोर सीमारेषा समजू नका. तरुण, निरोगी डोळे ६/६ पेक्षाही बारीक बघतात, आणि तिरक्या रेषेतली पायरी-पायरी त्याहून लांबूनही जाणवते. उलट फक्त सिनेमे बघणाऱ्याला यापेक्षा कमीवरही भागतं, कारण हलत्या चित्रात कडा मुळातच मऊ असतात. वाचन-लेखन जास्त असेल तितका हिशेब कडक लावा.

देवनागरी वाचणार असाल तर

रोमन लिपीत वाचणाऱ्यापेक्षा आपल्याला दाट पडदा जास्त लागतो. देवनागरीत एका ओळीत तीन मजले असतात: शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली जोडाक्षरं. ९० पीपीआयच्या पडद्यावर नेहमीच्या आकारात "राष्ट्र" मधला "ष्ट्र" गोळा होतो, "वर्षं" वरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात. डोळा अंदाजाने वाचून नेतो, पण मुद्रितं तपासणाऱ्याला तो अंदाज महागात पडतो.

म्हणून पडदा बघायला जाताना एक फाइल बरोबर न्या. त्यात लहान टाइपात "उद्ध्वस्त, सूक्ष्म, शार्ङ्गधर, कर्तृत्व, वैशिष्ट्यं" असे शब्द लिहून ठेवा. पडद्यासमोर तुमच्या मोजलेल्या अंतरावर उभे राहा आणि वाचा. शोरूमच्या पडद्यांवर फिरणारी फुलांची, माशांची चित्रं कुठल्याही पडद्यावर सुरेखच दिसतात. त्यावरून काही कळत नाही.

दाट पडद्यावर अक्षरं बारीक होतात, मग ती मोठी करून घ्यावी लागतात. याला स्केलिंग म्हणतात. २७ इंची ४के वर विंडोजमध्ये १५० टक्के ठेवलं तर जागा १४४०पी पडद्याइतकीच मिळते, फक्त प्रत्येक अक्षराला सव्वादोन पट पिक्सेल मिळतात. ४के घेतला म्हणजे पडद्यावर चौपट मजकूर मावेल, ही समजूत इथे गळून पडते. जवळच्या वापरात ४के चा खरा फायदा अक्षरांच्या रेखीवपणात आहे.

मॅक वापरणाऱ्यांनी थोडं वेगळं बघावं. त्या प्रणालीत अक्षरं बरोबर एक पट किंवा दुप्पट आकारात सर्वांत स्वच्छ येतात, म्हणून ११० किंवा २२० पीपीआयच्या आसपासचे पडदे तिला मानवतात. २०१८ पासून मॅकने उपपिक्सेलच्या, म्हणजे पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांच्या, आधाराने अक्षरं गुळगुळीत करणं सोडलं, त्यामुळे विरळ पडद्यावर तिथे अक्षरं विंडोजपेक्षा जाड आणि धूसर वाटतात.

आता इंच

टेबलावरच्या कामासाठी माझा नियम सोपा आहे: पडद्याची रुंदी डोळ्यापासूनच्या अंतरापेक्षा जास्त नको. दोन्ही सारखी असली की पडदा नजरेत सुमारे ५३ अंश व्यापतो. त्यापुढे कडेचं वाचायला मान वळवावी लागते. नेहमीच्या १६:९ पडद्याची रुंदी २४ इंचांत ५३ सेंमी, २७ मध्ये ६०, ३२ मध्ये ७१ आणि ४३ मध्ये ९५ सेंमी असते. मोजलेलं अंतर ६० आलं असेल तर २७ वर थांबा. ७० च्या पुढे बसत असाल तर ३२ चा विचार करा. ४३ इंची पडदा टेबलावर आणायचा तर मीटरभर खोल टेबल हवं.

नुसते सिनेमे बघायचे असतील तर पडद्याने ३० ते ४० अंश व्यापणं सुखाचं. दीड मीटरवरून ४० अंश हवे असतील तर साधारण ४९ इंच होतात, म्हणजे ५० इंची ४के तिथे छान बसतो.

आकडे पटत नसतील तर वर्तमानपत्राची पानं जोडून पडद्याच्या मापाचा कागद कापा, जागेवर चिकटवा आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसा. खोक्यावरचे इंच जे सांगत नाहीत ते हा कागद सांगतो.

मॉनिटर की टीव्ही?

सारख्या मापाचा टीव्ही मॉनिटरपेक्षा स्वस्त दिसला की मोह होतो. मलाही झाला होता. ४३ इंची ४के टीव्ही मी टेबलावर आणला. पीपीआय, अंतर, रुंदी सगळं हिशेबात बसत होतं. तरी काळ्यावर लाल अक्षरं फाटल्यासारखी दिसत होती आणि निळ्या दुव्यांच्या कडा उसवल्या होत्या. दोन दिवस मी चष्म्यावर शंका घेतली. मग सेटिंगमध्ये त्या इनपुटचं नाव बदलून "पीसी" केलं आणि अक्षरं क्षणात सुटी झाली.

त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. चित्राची माहिती पाठवताना उजेड आणि रंग वेगळे धरतात. माणसाचा डोळा उजेडातला फरक बारकाईने पकडतो, रंगातला तितका नाही. म्हणून व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलचा उजेड स्वतंत्र ठेवून रंग मात्र चार पिक्सेल मिळून एकच ठेवतात. याला ४:२:० म्हणतात. सिनेमात हे कळत नाही, पण एका पिक्सेलएवढ्या बारीक रंगीत अक्षरात लगेच कळतं. संगणकासाठी प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग, म्हणजे ४:४:४ हवं. अनेक टीव्ही ते देतात, पण फक्त ठरावीक इनपुटवर किंवा ठरावीक मोडमध्ये, आणि काही देतच नाहीत. घेण्याआधी लॅपटॉप जोडून जांभळ्यावर बारीक लाल अक्षरं वाचून बघा.

टीव्हीच्या आणखी काही सवयी असतात. काही टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतात, मग टास्कबार अर्धा गायब होतो. हे ओव्हरस्कॅन बंद करावं लागतं. शार्पनेस मुळात चढवलेला असतो आणि अक्षराभोवती पांढरी सावली पाडतो, तोही खाली आणावा लागतो. गेम मोड लावला नाही तर माउसचा बाण हाताच्या मागून सरकतो. शिवाय टीव्हीचा स्टँड वरखाली होत नाही आणि संगणक झोपला म्हणून टीव्ही झोपेलच असं नाही. एवढं सांभाळायची तयारी असेल तर टीव्ही चालतो. मुख्य काम लिहिण्यावाचण्याचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मॉनिटर घ्या.

आतला पॅनेल

जवळ बसल्यावर पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या थराचा, प्रकार (टीएन, व्हीए, आयपीएस किंवा ओलेड) आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. मोठ्या पडद्याचा मध्य तुम्ही समोरून बघता, पण कोपरे तिरकेच दिसतात. तुम्ही जागचे हलला नाहीत तरीही. टीएन पॅनेलमध्ये त्यामुळे वरचा भाग गडद आणि खालचा फिकट दिसतो, म्हणून ते सोडून द्या. व्हीए मध्ये काळा रंग खोल असतो, काँट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचं प्रमाण, ३००० ला १ च्या घरात, पण जवळून कडेचे रंग उतरल्यासारखे वाटतात. आयपीएस चा काळा रंग त्यामानाने करडा, काँट्रास्ट बहुधा १००० ला १, पण कोपऱ्यापर्यंत रंग तोच राहतो. टेबलासाठी आयपीएस आणि अंधाऱ्या खोलीत सिनेमासाठी व्हीए, हे बहुतेकांना पुरतं.

ओलेडचं चित्र फार सुंदर असतं, यात वाद नाही. पण त्याचे लाल-हिरवे-निळे उपपिक्सेल अनेकदा नेहमीच्या उभ्या रांगेत नसतात. विंडोज ती रांग गृहीत धरून अक्षरं काढते, त्यामुळे विरळ ओलेडवर अक्षरांना रंगीत कडा येतात. शिवाय टास्कबारसारखं न हलणारं चित्र वर्षानुवर्षं तिथेच राहिलं तर त्याचा ठसा उमटण्याची शक्यता असते. दिवसभर कागदपत्रं उघडी ठेवणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

वक्र पडद्यावरचा १०००आर, १५००आर हा आकडा वक्रतेची त्रिज्या मिलिमीटरमध्ये सांगतो. १०००आर म्हणजे एक मीटर. ३४ इंची रुंद पडद्याला वक्रता उपयोगी पडते, कारण कडाही डोळ्यापासून साधारण तितक्याच अंतरावर येतात. २४-२७ इंचांत तिची गरज मला वाटत नाही, आणि आराखडे काढणाऱ्याला सरळ रेषा वाकड्या दिसतात तो त्रास वेगळाच.

काच, उजेड आणि लुकलुक

चकचकीत काचेवर रंग खुलतात, पण मागे खिडकी असेल तर दुपारभर स्वतःचाच चेहरा बघत बसावं लागतं. मॅट पृष्ठभाग हा त्रास काढतो. मात्र काही पडद्यांवरचा मॅट थर जाडाभरडा असतो आणि पांढऱ्या पानावर वाळूसारखी चमचम दिसते. ही दीड मीटरवरून दिसत नाही, ६० सेंमीवरून दिसते. पांढरं पान उघडून हे जरूर तपासा.

घरातल्या साध्या उजेडात पडद्याची तेजस्विता १०० ते १५० निट पुरते. खोक्यावर ३०० निट लिहिलेलं असलं तरी जवळून इतकं कुणी वापरत नाही. म्हणून तेज वाढवल्यावर काय दिसतं यापेक्षा कमी केल्यावर काय होतं ते बघा. काही पडदे तेज कमी करण्यासाठी मागचा दिवा भराभर बंद-चालू करतात. डोळ्याला ते कळत नाही, पण काही जणांचं त्याने डोकं दुखतं. परीक्षा सोपी आहे: तेज अगदी कमी करा, पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल जोरात हलवा. एकसंध धूसर पट्टा दिसला तर ठीक. पंख्याच्या पात्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे.

केबल

४के पडदा आणून माउस अडखळत चालतो, अशी तक्रार बहुतेक वेळा पोर्टची असते. एचडीएमआय १.४ वरून ४के चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा (३० हर्ट्झ) बदलतं. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ तरी लागतं, आणि ते लॅपटॉपमध्ये, पडद्यात आणि केबलमध्ये, तिन्ही ठिकाणी हवं. पडदा ठरवण्याआधी आपल्या लॅपटॉपचं पोर्ट बघून घ्या. जोडल्यावर सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ दिसतंय ना, याचीही खात्री करा. १२० हर्ट्झवर पानं सरकवताना अक्षरं जास्त वाचनीय राहतात. जमलं तर चांगलं, पण त्यासाठी पिक्सेलची दाटी सोडू नका.

खोक्यावर लाख-दोन लाख काँट्रास्ट लिहिलेलं असतं, ते "डायनॅमिक" मोजमाप असतं, तिकडे लक्ष देऊ नका. "एचडीआर" (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र) लिहिलेल्या कमी तेजाच्या पडद्यात तो संदेश घेण्याची सोय असते, दाखवण्याची ताकद बहुधा नसते.

पडदा घरी आल्यावर

परत देण्याची मुदत संपायच्या आत, पहिल्याच संध्याकाळी बसा. काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी पाच सपाट चित्रं पूर्ण पडद्यावर लावा. काळ्यावर सतत पेटलेला आणि पांढऱ्यावर मेलेला पिक्सेल लगेच सापडतो. मग खोलीत अंधार करून काळं चित्र लावा आणि कोपरे बघा. आयपीएस मध्ये थोडी चकाकी असतेच आणि डोकं हलवलं की ती जागा बदलते. जी जागा बदलत नाही आणि कडेने पिवळट झिरपते ती गळती. ती चित्रात दिसत असेल तर पडदा बदलून मागा.

पडद्याची वरची कड डोळ्याच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा. स्टँडने ते जमत नसेल तर मागे १०० × १०० मिमीची भोकं आहेत का पाहा, त्यावर हलता आर्म बसतो. खिडकी मागे किंवा समोर नको, बाजूला असू द्या. दर वीस मिनिटांनी सहा मीटर लांबचं काहीतरी वीस सेकंद बघा आणि आठवणीने पापण्या मिटा. पडद्याकडे बघताना आपण कमी वेळा पापण्या मिटतो आणि डोळे कोरडे पडतात. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर मात्र खर्च करू नका, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संस्थाही पडद्यासाठी तो सुचवत नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. वाचायचा चष्मा सुमारे ४० सेंमीसाठी असतो आणि पडदा ६०-७० सेंमीवर. त्या चष्म्याने स्पष्ट दिसावं म्हणून माणूस नकळत पुढे झुकतो, आणि मोजून ठरवलेलं अंतर बरंच कमी होतं. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर भिंगाच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. अशांनी पडदा नेहमीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर खाली आणून थोडा मागे कलवावा. डोळे तपासायला जाताना टेपने मोजलेला आकडा चिठ्ठीवर लिहून न्यावा आणि त्या अंतराचाच वेगळा चष्मा करून मागावा.